शेवटच्या बाकावरचा वाचक

पडद्यावर अक्षरे कशी मांडावीत, हा काय घरात चर्चिण्याचा विषय आहे, असे कित्येक वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल. परंतु आपल्याच घरात जरा दृष्टी फिरवून पाहावी. मुलास कचेरीच्या बैठकीत काही मांडावयाचे असते, सूनबाईंस शिक्षकांच्या प्रशिक्षणात पाठ दाखवावयाचा असतो, नातवास महाविद्यालयात आपला प्रकल्प समजावून द्यावयाचा असतो; आणि आदल्या रात्री तिघांनाही एकच उद्योग पुरतो. संगणकावर एकामागून एक चौकटी भरावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर लावून त्या भिंतीवर दाखवावयाच्या. या चौकटीस सर्वजण स्लाइड म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो, कारण रुळलेला शब्द मोडून नवा घडविण्याचे माझे वय राहिले नाही. लिहिता येणाऱ्या बहुतेकांस आता हे लेखन करावे लागते; मात्र ते कसे करावे हे त्यांस कोणी शिकविलेले नसते. मजवर या बाबतीत दोन प्रसंग गुदरले, ते सांगितल्यास विषयाचे महत्त्व आपोआप ध्यानी येईल.

माझे गाव ताडकळस, परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील. भोवताली काळी जमीन. कापूस, सोयाबीन आणि तूर ही येथली पिके. २०२२ च्या पावसाळ्यात पीक विम्याची माहिती देण्यासाठी येथे एक सभा भरली होती. कोणत्या कचेरीने ती भरविली हे सांगण्याचे प्रयोजन नाही. आलेले गृहस्थ सालस होते आणि आपले काम ते मनापासून करीत होते. भिंतीवर ताणलेल्या चादरीवर स्लाइड उमटली. तीत सतरा-अठरा ओळी होत्या. फिकट पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरे होती. खिडक्या सताड उघड्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून माझी दृष्टी चांगली आहे. तरीही मथळ्यापलीकडे मला अक्षर लागेना. गृहस्थ पडद्याकडे तोंड करून भरभर वाचीत गेले, आणि आम्ही त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो.

त्या अठरा ओळींत कोठेतरी चौदावी ओळ अशी होती की, कापणीनंतर शेतात वाळत पसरलेले पीक अवकाळी पावसाने भिजल्यास ७२ तासांच्या आत कळवावे. त्या वर्षीचा नियम तसा होता. पुढे दिवाळीच्या सुमारास पाऊस आला. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचे तीन एकरांतील कापलेले सोयाबीन भिजले आणि त्यास मोड फुटले. तो पाचव्या दिवशी कळवावयास गेला आणि मुदत टळली म्हणून रिकाम्या हाताने परतला. मी त्यास म्हटले, "अरे, सभेत हे सांगितले होते की! पडद्यावर लिहिलेही होते." तो म्हणाला, "गुरुजी, पडद्यावर निस्त्या मुंग्या दिसायल्या होत्या. म्या म्हटलं, आपल्या कामाचं असतं तर मोठ्यानं लिहिलं असतं."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. त्याचा तर्क चुकीचा होता असे मला म्हणवेना. ज्यास आपण महत्त्व देतो ते आपण मोठे लिहितो, ठळक लिहितो, सुटे लिहितो. हे अडाण्यासही ठाऊक असते. लिहिणारा मात्र ते विसरला होता. आणि त्यास दोष देण्यास माझी जीभ रेटेना, कारण तोच अपराध मीही एकदा केलेला होता.

माझ्या शिक्षकीच्या आरंभीच्या काळातील गोष्ट आहे. माझे अक्षर बारीक आणि सुबक. त्याचा मला अभिमान होता. फळ्यावर मी इतके लिहीत असे की, तास संपताना फळ्यास बोट टेकावयास जागा उरत नसे. वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. त्याच्या वहीत 'घर'चे 'धर' होई, 'भात'चा 'मात' होई, अनुस्वार तर निम्मे गळालेले असत. मी त्यास मठ्ठ ठरविले. पुष्कळदा सर्वांसमक्ष बोललो, दोन-तीनदा छडीही दिली. एके दिवशी पावसाने वर्गाचे मागचे पत्रे गळू लागले, म्हणून मागच्या मुलांस मी पुढे जमिनीवर बसविले. त्या दिवशी त्या मुलाच्या वहीत एकही चूक नव्हती. मी वही दोनदा तपासली. नंतर त्याच्या शेजारी बसणाऱ्या दोघांच्या वह्या काढून पाहिल्या. त्यांच्याही जुन्या चुका त्याच जातीच्या होत्या. शाळा सुटल्यावर मी एकटाच त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि माझ्या सुबक अक्षराकडे पाहिले. मला माझेच अक्षर लागले नाही.

तेव्हापासून फळा लिहून झाला की शेवटच्या बाकापर्यंत जाऊन यावयाचे, हा नेम मी निवृत्त होईपर्यंत पाळला. तीच गोष्ट आज स्लाइड लिहिणारांस सांगावयाची आहे. आपण लिहितो तेव्हा अक्षर आपल्यापासून हातभर अंतरावर असते. वाचणारा मात्र तीस-चाळीस फुटांवर असतो. लिहिणाऱ्याने आपल्या जागेवरून उठून त्याच्या जागी जाऊन बसावे, एवढेच या विद्येचे मर्म आहे. बाकीचे सर्व त्यातूनच निघते.

प्रथम, पडद्यावर काय लिहावे आणि काय लिहू नये हे पाहू. प्रकाशाच्या साहाय्याने पडद्यावर चित्र दाखवून कथा सांगण्याची कला आपल्याकडे नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० नंतरच्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने असे खेळ केले. मायावी शंबरासुराच्या नावावरून हे नाव आलेले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर टाकीत, आणि कथा निवेदक आपल्या मुखाने सांगे. म्हणजे चित्र डोळ्यांसाठी आणि शब्द कानांसाठी, अशी वाटणी होती. कोकणात पिंगुळीच्या चित्रकथी मंडळींचीही रीत हीच; चित्र पुढे धरावयाचे आणि कथा गावयाची. पुढे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला. मूकपटात दृश्यांच्या मधे अक्षरांच्या पाट्या येत. त्याही मोजक्या शब्दांच्या, कारण पाटी क्षणभरच टिकणार हे लिहिणारास ठाऊक असे. १९८७ मध्ये अमेरिकेत पॉवरपॉइंट नावाची संगणकीय सोय निघाली, आणि जो तो विनासायास पडद्यावर लिहू लागला. हाताने काच रंगवावी लागत होती तोवर मनुष्य विचार करूनच काढीत असे. श्रम गेले आणि त्यांबरोबर विचारही गेला.

संस्कृतात ज्यांचे शिक्षण झाले आहे त्यांस ही वाटणी सांगण्यासाठी एक परिचित दृष्टान्त आहे. आपल्याकडे शास्त्र दोन रूपांनी आले: सूत्र आणि भाष्य. सूत्रात अक्षरे थोडी असावीत, संदेह नसावा आणि सार असावे, असे त्याचे लक्षण पूर्वाचार्यांनी सांगितले आहे. पाणिनीची सूत्रे सुमारे चार हजार. त्यांतील कित्येक दोन-तीन पदांची. पतंजलीने त्यांवर महाभाष्य केले, त्यात शंका आहेत, समाधाने आहेत, उदाहरणे आहेत. पडद्यावर सूत्र असावे आणि वक्त्याच्या मुखी भाष्य असावे. आज बहुधा उलट होते: भाष्य पडद्यावर पसरलेले असते आणि वक्त्यापाशी काहीच उरत नाही, म्हणून तो पडदाच वाचून दाखवितो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांवरून दाखविले आहे की, चित्रासोबत नुसते बोलून सांगितले असता विषय जितका समजतो, त्याहून तेच बोललेले शब्द पडद्यावरही छापले असता कमी समजतो. कारण उघड आहे. वाचणे आणि ऐकणे ही दोन्ही शब्दांचीच कामे. मन एका वेळी दोन पुराणिकांचे ऐकू शकत नाही.

म्हणून एका स्लाइडवर एकच मुद्दा असावा. ओळी पाच-सहांहून अधिक नसाव्यात, आणि ओळीत सहा-सात शब्दांहून अधिक शब्द नसावेत, हा व्यवहारातला सोपा दंडक आहे. वाक्य पूर्ण असलेच पाहिजे असे नाही. मात्र क्रियापद गाळल्याने अर्थ संदिग्ध होत असेल तर ते ठेवावे. मथळ्यात विषयाचे नुसते नाव न देता निष्कर्ष द्यावा. 'विम्याविषयी माहिती' हा मथळा काहीच सांगत नाही. 'पीक भिजले तर तीन दिवसांत कळवा' हा मथळा सर्व काही सांगतो.

आता अक्षराकडे वळू. या विषयावर मराठीत साडेतीनशे वर्षांपूर्वी एक संपूर्ण प्रकरण लिहिले गेले आहे, हे पुष्कळांच्या स्मरणात नसते. समर्थ रामदास आमच्याच मराठवाड्यातले. जालना जिल्ह्यातील जांब हे त्यांचे जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थांनी परमार्थ बाजूस ठेवून निव्वळ अक्षराचा विचार केला आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. शाई काळीभोर असावी. पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या शेवटापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. एका ओळीची मात्रा वा वेलांटी दुसऱ्या ओळीस लागू नये. ओळींतील अंतर सारखे असावे. पानाच्या चारही बाजूंस जागा सोडून मध्ये लिहावे, असे एकेक नियम त्यांनी घालून दिले आहेत. आणि एक नियम तर माझ्यासारख्यांसाठीच सांगितला आहे, असे मला वाटते: तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामास येत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे. आजचा तरुण संगणकासमोर बसून स्लाइड भरतो तेव्हा सभेत बसणारा वृद्ध त्याच्या डोळ्यांपुढे नसतो. समर्थांच्या डोळ्यांपुढे तो होता. पोथी हातभर अंतरावरून वाचावयाची असताही त्यांनी इतका विचार केला. मग तीस फुटांवरून वाचावयाच्या लेखासाठी आपण किती करावयास पाहिजे!

अक्षर किती मोठे असावे याचा हिशेब करता येतो. नेत्रवैद्याकडे भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता असतो तो हॉलंडमधील हर्मन स्नेलेन या वैद्याने १८६२ मध्ये सिद्ध केला. त्याच्या मापाप्रमाणे निरोगी डोळ्यास ६ मीटरांवरून जे अक्षर जेमतेम लागते त्याची उंची सुमारे ८.७ मिलिमीटर असते. १२ मीटरांवरून तेच माप सुमारे १७.५ मिलिमीटर होते. आता समजा, पडदा दीड मीटर उंच आहे आणि शेवटची रांग १२ मीटरांवर आहे. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड ५४० पॉइंट उंचीची असते. तीत १४ पॉइंटाने लिहिले तर मात्रा-उकारांची जागा वजा जाता मूळ अक्षर पडद्यावर दोन सेंटिमीटरांच्या आतच राहते. म्हणजे शेवटच्या रांगेस आपण नेत्रवैद्याच्या तक्त्यातील सर्वांत बारीक ओळ वाचावयास लावीत आहोत, आणि तीही भराभर! २८ पॉइंटाने लिहिले तर अक्षर दुप्पट होते आणि मग कोठे सुखाने वाचता येते. म्हणून साध्या मजकुरास २८ आणि मथळ्यास ४० याखाली उतरू नये. मजकूर मावत नाही म्हणून अक्षर लहान करणे हा मार्ग नव्हे. मजकूर तरी कमी करावा, नाही तर दुसरी स्लाइड घ्यावी. कागद महाग होता तेव्हा दाटीस काही कारण तरी होते. स्लाइडीस तर पैही पडत नाही.

ज्यांस हा हिशेब नको असेल त्यांनी घरीच परीक्षा करावी. वर सांगितलेल्या सभागृहात शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या आठपट दूर आहे. मांडीवरच्या संगणकाचा पडदा साधारण २० सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या आठपट म्हणजे सुमारे पाच फूट. तेव्हा संगणक टेबलावर ठेवून पाच-सहा फूट मागे सरावे आणि वाचून पाहावे. घरातील वडील माणसास वाचावयास सांगितले तर परीक्षा अधिक खरी होते.

आपल्या देवनागरीचे काही स्वभाव आहेत. इंग्रजीसाठी केलेले नियम तीस जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्या अक्षरास डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार आहेत, पायाशी उकार आणि ऋकार आहेत. म्हणून ओळींतील अंतर इंग्रजीहून जास्त, अक्षराच्या मापाच्या सुमारे दीडपट ठेवावे. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मजकुराखाली रेघ ओढू नये, कारण ती रेघ उकारास कापीत जाते. अक्षरे परस्परांपासून दूर सारू नयेत. तसे केल्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. तिरपी अक्षरे आपल्या लिपीची नव्हेत. इंग्रजीतील मोठी लिपीही आपल्याकडे नाही. तेव्हा जोर द्यावयाचा असेल तर तो शब्द ठळक करावा, आणि तोही स्लाइडवर एखादाच. कारण सर्वच ठळक केले म्हणजे काहीच ठळक राहत नाही. डावी कड सरळ ठेवावी आणि उजवी आपोआप पडेल तशी पडू द्यावी. दोन्ही कडा सरळ करण्याच्या हट्टाने शब्दांमध्ये खिंडारे पडतात.

अक्षराचे वळण म्हणजे फॉन्ट निवडतानाही हौशीपेक्षा उपयोग पाहावा. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या दुरून वेगळ्या ओळखू येतात काय, अनुस्वाराचा ठिपका ठसठशीत आहे काय, १ आणि ९ यांत गोंधळ होत नाही ना, एवढे तपासावे. 'गंध' आणि 'गध' यांत एका ठिपक्याचेच अंतर आहे. या बाबतीत आपल्या लोकांनी मोठे काम केले आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुरेख, सुटसुटीत टाइपावर संस्कृताचे किती तरी अभ्यासक वाढले. संगणकाच्या युगात प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा फॉन्ट रेखाटला, आणि तो कोट्यवधी संगणकांवर पोहोचला. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्ता' फॉन्ट विनामूल्य मिळतो आणि पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. एका सादरीकरणात एक फॉन्ट पुरे. मथळ्यास वेगळा हवा तर दोन. त्याहून अधिक झाले म्हणजे लग्नपत्रिका होते.

रंगाविषयी एकच तत्त्व आहे: अक्षर आणि त्यामागील पट यांत उजेड-अंधाराइतका भेद असावा. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त तेथे प्रकाश टाकीत नाही. चादरीवर खिडकीतून ऊन येत असेल तर आपला काळा रंग करडा होतो, आणि गडद पटावरील सर्व शोभा धुऊन जाते. म्हणून उजेडाच्या खोलीत पांढऱ्या पटावर काळी वा गडद निळी अक्षरे घ्यावीत. खोली अंधारी करता येत असेल तर गडद पटावर पांढरी अक्षरेही चालतात. लाल आणि हिरव्या रंगाने भेद दाखवू नये. काही जणांस, विशेषतः पुरुषांस, तो भेद जन्मतःच दिसत नाही. अक्षरांच्या मागे देवळाचे, फुलांचे वा शेताचे चित्र घालण्याची हौस आवरावी. रांगोळीवर पाय ठेवल्यासारखे ते होते. रांगोळीही जाते आणि पाऊलही उठत नाही.

मांडणीतील दोषाने केवळ गैरसोयच होते असे मात्र समजू नये. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना भंगले, आणि कर्नालची आपली कल्पना चावला हिच्यासह सातजण प्राणास मुकले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरील फेसाचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान आकाशात असतानाच त्या आघाताचा विचार अभियंत्यांनी केला आणि आपले निष्कर्ष स्लाइडांवर मांडले. त्यांतील एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. परंतु आदळलेला तुकडा पूर्वीच्या चाचणीतील तुकड्याहून सुमारे ६४० पट मोठा होता, हे दर्शविणारे आकडे तळाशी बारीक ओळीत होते. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात या स्लाइडचा स्वतंत्र विचार केला आणि अशा सादरीकरणांवर विसंबण्याच्या चालीस नाव ठेवले. अपघातास अनेक कारणे होती. एका स्लाइडने यान पडले असे कोणी म्हणत नाही. परंतु जे सर्वांत महत्त्वाचे ते सर्वांत खाली आणि सर्वांत लहान लिहिले गेले, एवढे खरे. ताडकळसच्या चादरीवरील चौदावी ओळ आणि ती ओळ, दोहोंची जात एकच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सूनबाईंस शिक्षकांच्या मेळाव्यात बोलावयाचे होते. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवितात. त्यांनी स्लाइडी करून मला दाखविल्या. प्रत्येकीत बारा-तेरा ओळी. मी वरील विचार सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मामंजी, सगळे लिहिले नाही तर मी विसरेन. आणि नंतर लोक तेच मागतात, घरी नेऊन वाचायला." ही अडचण खरी आहे, आणि तीवर उपायही आहे. विसरू नये म्हणून लिहावयाचे ते आपल्या हातातील कागदावर. घरी न्यावयाचे ते टिपण वेगळे छापावे, त्यात हवा तितका विस्तार करावा. आणि पडद्यावर फक्त सूत्र ठेवावे. तीन वाचकांसाठी तीन लेख. एकाच कागदाने तिन्ही कामे करू गेल्यास एकही होत नाही.

नातू जवळच बसला होता. त्यास ती विम्याची गोष्ट ठाऊक होती. तो म्हणाला, "आजोबा, मग ती अठरा ओळींची स्लाइड तुम्ही कशी केली असती?" आम्ही तिघांनी मिळून ती नव्याने लिहिली. वर मोठ्या अक्षरांत मथळा:

पीक भिजले? ७२ तासांत कळवा

आणि खाली तीनच ओळी:

१. कापून पसरलेले पीकही यात येते
२. भिजल्या दिवसापासून तास मोजा
३. कळविल्याची पोच जपून ठेवा

बाकीचे नियम, अटी आणि कागदपत्रांची यादी छापील टिपणात. त्या वर्षीचा नियम आता इतिहासजमा झाला. नियम बदलत असतात. परंतु ही स्लाइड त्या पावसाळ्यात चादरीवर दिसली असती तर आमच्या शेजाऱ्याने पाचवा दिवस उजाडू दिला नसता, याविषयी मला संशय नाही.

शेवटी काही व्यावहारिक सूचना. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात लिहिलेला लेख दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होते. मूळ फाइलीबरोबर तिची पीडीएफ प्रतही न्यावी, म्हणजे आपला फॉन्ट तेथे नसला तरी जोडाक्षरे फुटत नाहीत. सभेच्या आधी अर्धा तास जाऊन पडदा, खिडक्या आणि उजेड पाहून घ्यावा. पडद्यावर मोठा तक्ता दाखवू नये. त्यातील जे दोन आकडे सांगावयाचे तेवढेच घ्यावेत. स्लाइड दिसू लागली की क्षणभर थांबावे, लोकांस वाचू द्यावे, आणि मग त्यांच्याकडे तोंड करून बोलावे.

त्या रात्री नातवाने नवी स्लाइड संगणकावर लावली, संगणक ओसरीच्या एका टोकास ठेवला, आणि मी काही न सांगता तो स्वतःच उठून दुसऱ्या टोकास भिंतीला टेकून बसला. तेथून त्याने मोठ्याने मथळा वाचला. मग परत येऊन अक्षर आणखी थोडे वाढविले आणि पुन्हा जाऊन बसला. मला माझा तो जुना वर्ग आठवला, गळणारे पत्रे आठवले आणि तो मुलगाही आठवला. त्याची क्षमा मागावयाची राहून गेली आहे. शेवटच्या बाकावर जो बसतो तो बहुधा बोलत नाही. दिसत नाही असे उठून सांगण्यास त्यास संकोच वाटतो, आणि आपण त्याच्या मौनास त्याचा मठ्ठपणा समजतो. म्हणून त्याने सांगण्याची वाट न पाहता आपणच त्याच्या जागी जाऊन यावे. वाचकांपैकी ज्यांस उद्या पडद्यासाठी लिहावयाचे असेल त्यांनी आज रात्री एवढे एकच करावे. इत्यलम्.